दुर्गेभाऊंची सागवानी अंप्ली

दुर्गेभाऊंकडे एकच बरं ब्लँकेट आहे आणि ते अंप्ली पांघरते. स्वतः दुर्गेभाऊ डिसेंबरात पिकअपच्या मागच्या डाल्यात एका स्वेटरवर आणि कानटोपीवर कुडकुडत बसतात. सावली तालुक्याच्या रस्त्याला धानाच्या बांध्यांवरून असं गार वारं येतं, की आमच्या गेडाम ड्रायव्हरला एकदा त्यांची दया आली. त्यानं गाडी थांबवली आणि ब्लँकेट काढायला हात लावला. दुर्गेभाऊंनी तो हात झटकला. "तिले सर्दी झाली तं कार्यक्रम तू वाजवशीन का?"

मी साउंडवाला आहे. बल्लारपुरात माझं मंडप, डेकोरेशन आणि साउंडचं काम आहे, आणि त्याच्या जोडीला आमची एक ऑर्केस्ट्रा पार्टी आहे. लग्न, भीमजयंती, शारदोत्सव, मंडई, जिथून बोलावणं येईल तिथं आम्ही जातो. दुर्गेभाऊ पार्टीत गिटार वाजवतात. चांगली वाजवतात, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या तोंडून त्यांच्याबद्दल एखादा चांगला शब्द निघेल याची मला खात्री नाही.

अंप्ली म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, एवढं कळलं तरी पुरे. बाजारात तयार मिळते, एका हातात उचलता येते. पण तयार वस्तू दुर्गेभाऊंना कधी चालली नाही. ते कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्याबरोबर त्यांनी कोइम्बतूरचा एक माणूस शोधून काढला. तो माणूस अंप्ली हातानं बनवतो, एका वेळी एकच, आणि आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह बसवतो. दुर्गेभाऊंनी त्याला महिनोन् महिने फोन करून इतकं पिडलं, की शेवटी त्यानं यांची अंप्ली इतरांच्या आधी करून पाठवली असावी.

इथवर ठीक होतं. पण पेटी आली ती प्लायवूडची. दुर्गेभाऊंनी ती बोटानं ठोकून पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं. आमच्या जिल्ह्यात चांगल्या वस्तूची एकच कसोटी आहे, सागवान आहे का? आमच्याकडे मुलगी पाहायला गेलेले लोकही आधी दाराची चौकट ठोकून पाहतात. दुर्गेभाऊंनी कुठून तरी आलापल्लीच्या जुन्या सागवानाच्या फळ्या मिळवल्या, दोन-दोन बोटं जाड, आणि मिस्त्रीकडून नवी पेटी करून घेतली. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, वर वेलबुट्टी. मग मोठ्या कौतुकानं कोइम्बतूरला फोन लावून सांगितलं. त्या माणसानं फळीची जाडी दोनदा विचारून घेतली. शेवटी हिंदीत म्हणाला, "सर, आपको बजाना है कि अंदर रहना है?"

तेव्हापासून ही अंप्ली उचलायला चार माणसं लागतात. तीन जणांनी उचलायचा प्रयत्न आम्ही केला आहे आणि त्याबद्दल मला बोलायचं नाही.

एवढी जड वस्तू बाळगणारा माणूस राहतो कुठं? वरच्या मजल्यावर. घर स्वतःचं, दुमजली. खालचा मजला मोकळा, ऐसपैस, दारापर्यंत गाडी जाते, आणि तो यांनी भाड्यानं दिला आहे. वरच्या दोन खोल्यांत स्वतः एकटे. बायको वारल्या, मुलगी हैदराबादला नोकरीला. खाली राहायला या म्हटलं तर म्हणतात, खाली ओल येते, व्हॉल्व्ह खराब होतात. खालच्या भाडेकरूचा साधा रेडिओ आजवर बिघडलेला नाही. जिना अरुंद, मध्ये एक वळण, आणि त्या वळणावर चार माणसं आणि एक सागवानी पेटी एकमेकांची खरी ओळख करून घेतात. पुढून संजू, जो ऑक्टोपॅड वाजवतो, आणि मी. मागून गेडाम आणि कीबोर्डवाला. दुर्गेभाऊ उचलत नाहीत. ते वरच्या पायरीवर उभे राहून सूचना करतात. "भिंत खरवडू द्या, भिंतीचं मी पाह्यतो. तिले लागू नोका देऊ." वर पोहोचलो की चहा, पोहे, आणि मग त्या पोह्यांवरची तर्री कशी बिघडली याची चर्चा. तिथून लवकर निघता येत नाही.

स्टेजवर तर माझा जीव जातो. साउंडवाल्याला काय हवं असतं? प्रत्येक वाद्याची वायर माझ्या मिक्सरमध्ये यावी आणि कोणाचा आवाज किती, हे मी ठरवावं. ही अंप्ली कोणाचं ऐकत नाही. तिचा आवाज तिथूनच सुटतो आणि गाणाऱ्या बाईंच्या कानात घुसतो. त्या माझ्याकडे डोळे वटारतात, मी दुर्गेभाऊंकडे वटारतो, आणि दुर्गेभाऊंचे डोळे मिटलेले असतात. आवाज कमी करा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "कमी आचेवर भजे नाई तळत." आवाजाबद्दल ते नेहमी स्वयंपाकघरातूनच बोलतात. माझा मिक्सर सगळ्यांना उकडून काढतो. संजूचा ऑक्टोपॅड अळणी आहे. वरोऱ्याच्या एका पार्टीतला गिटारवाला, त्यांच्या मते, फोडणी जाळतो.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, आणि सूर्य मावळला की कार्यक्रम. सावलीकडच्या एका गावात आम्हाला असंच बोलावलं होतं. मैदान गच्च भरलेलं. पण व्हॉल्व्ह नीट तापल्याशिवाय अंप्लीला हात लावायचा नाही, हा दुर्गेभाऊंचा नियम, आणि त्यात जनरेटरचं व्होल्टेज खाली-वर. निवेदकाचे सगळे विनोद संपले, मग त्यानं तेच पुन्हा सांगितले. शेवटी पहिल्या रांगेतल्या सरपंचबाई उठून स्टेजजवळ आल्या आणि काऊन सुरू नाई करून राह्यले म्हणून विचारू लागल्या. मी हात जोडून काही बोलणार, तोच दुर्गेभाऊंनी नम्रपणे त्यांनाच विचारलं, "बाई, तुमच्या घरी भात शिजाच्या अगुदर वाढते का?" बाई परत जाऊन बसल्या. पुढच्या मंडईला त्या गावानं दुसरी पार्टी बोलावली.

यावर लोक मलाच समजावतात. शब्बीर, कलाकार माणूस आहे, सांभाळून घे. मला एक सांगा, कलाकाराला सांभाळायचं तर कलाकारानं कोणाला सांभाळायचं? गेडामची कंबर धरली तेव्हा कोणी म्हणालं नाही, की ड्रायव्हर माणूस आहे, सांभाळून घ्या. कंबर ही फक्त आमच्यासारख्यांना असते.

मग संजूचं बोट चेपलं. त्याच वळणावर, पेटी आणि भिंतीच्या मध्ये. नख काळंनिळं झालं आणि तो काही दिवस एका हातानं ऑक्टोपॅड वाजवत होता. दुर्गेभाऊ वरून धावत खाली आले. त्यांनी आधी संजूचं बोट पाहिलं की अंप्लीचा कोपरा, यावर आमच्या पार्टीत अजून वाद आहे. मी तिथं होतो. आधी कोपरा पाहिला.

मी त्याच पायरीवर उभा राहून सांगून टाकलं. यापुढे पार्टीत अंप्ली येणार नाही. तिच्याशिवाय वाजवायचं असेल तर वाजवा, नाहीतर आम्ही दुसरा गिटारवाला पाहतो.

आता असा एक डिजिटल डब्बा मिळतो, दप्तरात मावतो. मोठमोठ्या अंप्लींच्या आवाजांच्या नकला त्यात भरलेल्या असतात. गिटारची वायर डब्ब्यात, डब्ब्याची वायर माझ्या मिक्सरमध्ये. वजन नाही, तापवणं नाही, गाणाऱ्या बाईंच्या कानाला त्रास नाही. नागपूरपासून सगळ्या पार्ट्या आता तेच वापरतात. हे मी दुर्गेभाऊंना शांतपणे समजावून सांगितलं. म्हणजे सुरुवातीला शांतपणे. त्यांचं म्हणणं एकच, "मटनाचा फोटो चाटून पोट भरते का?" मी माझ्या खिशातले पैसे घालून डब्बा आणला आणि सांगितलं, की फोटोच पाहिजे तर तुमच्याच मटणाचा काढू. हा डब्बा कोणत्याही अंप्लीचा आवाज ऐकून तिची नक्कल करतो. तुमच्या अंप्लीचीही करेल. यावर ते पहिल्यांदा हसले. त्यांच्या अंप्लीची नक्कल कोणालाही साधत नाही, हे मला दाखवून द्यायची त्यांना घाई झाली.

रविवारी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. अंप्ली आतल्या खोलीत नेली, समोर माइक लावला, दार लावून घेतलं. नक्कल काढायची रीत अशी, की डब्बा आपले आवाज अंप्लीत पाठवतो, शिट्ट्या, घरघर, चिरचिर, आणि अंप्ली ते कसे वाजवते ते माइकमधून ऐकून शिकतो. दाराआडून ते सगळं ऐकू येत होतं. दुर्गेभाऊ हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. "तिले काऊन रडवून राह्यले?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. खालचा भाडेकरूही वर येऊन विचारून गेला, की कोणाची तब्येत बिघडली आहे का.

मग परीक्षा. माझा स्पीकर हॉलमध्ये ठेवला, अंप्लीसमोरचा माइक आणि डब्बा दोन्ही त्यालाच जोडले आणि आवाज इतका ठेवला, की दाराआडची अंप्ली वेगळी ऐकू येऊ नये. दुर्गेभाऊंनी गिटार घेतली आणि स्वतःच्या हातानं डोळ्यांवर दुपट्टा बांधला. संजू कधी आतली अंप्ली जोडणार, कधी डब्बा, आणि कोणतं काय ते त्यांनी सांगायचं. त्यांनी एक सूर छेडला, मान डोलावली आणि म्हणाले, ही माझी. तो डब्बा होता. संजूनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याला गप्प राहा म्हणून खुणावलं. दुसऱ्यांदा जरा जास्त वाजवून पाहिलं आणि म्हणाले, हा फोटो, चव नाई. ती अंप्ली होती. खोलीत कोणी काही बोललं नाही आणि त्या न बोलण्यातूनच त्यांना कळलं. त्यांनी दुपट्टा सोडला, नीट घडी घातली आणि गिटारवर ठेवली.

मला वाटलं, आता भांडण. मी पूर्ण तयारीनं आलो होतो, माझ्याकडे बरीच वर्षं साठवलेली वाक्यं होती. पण ते म्हणाले, "जमते. डब्ब्यावर वाजवतो मी." आणि चहा ठेवायला उठले. भांडण न करता जिंकलं की राग कुठं ठेवावा ते कळत नाही. अंप्ली परत हॉलमध्ये आणून ठेवताना मी उगाच गेडामवर ओरडलो.

त्यानंतरचे दिवस सोन्यासारखे गेले. कार्यक्रम वेळेवर सुरू झाले. गाणाऱ्या बाई माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसल्या. भीमजयंतीच्या दिवसांत तर आम्ही एकाच संध्याकाळी दोन गावं केली, जे सागवानाच्या काळात शक्यच नव्हतं. दुर्गेभाऊ पाठीवर दप्तर टाकून चौकात उभे राहायचे, तिथूनच गाडीत बसायचे, आणि परत येताना तिथंच उतरायचे. गेडामला इंजिन बंद करावं लागायचं नाही. उतरता उतरता ते म्हणायचे, चला वर, चहा घेऊन जा. आम्ही म्हणायचो, पाहू पुढच्या वेळेस.

मे महिना लागला आणि दुर्गेभाऊंचा फोन आला. हॉलच्या खिडकीतून ऊन येते, सागवान तडकन, अंप्ली आत न्यायची आहे. गेलो चौघं, शिव्या देत. नेली आत. पोहे झाले, भजे झाले, त्यांनी खाणीतल्या गोष्टी सांगितल्या, कूलरसमोर बसून आमची दुपार गेली. थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. आतल्या खोलीत कूलरचं पाणी उडते, ओल धरन, हॉलमधे न्या. नेली. त्यानंतर हॉलच्या भिंतीला वाळवी दिसली. पुन्हा आत. भर उन्हाळ्यात, जेव्हा बल्लारपुरात माणसं गरजेशिवाय हात हलवत नाहीत, आम्ही चार धडधाकट लोक एक सागवानी पेटी या खोलीतून त्या खोलीत करत होतो. संजू म्हणाला, अंप्ली रिटायर झाली, आपली ड्युटी चालूच आहे. मी ठरवलं, आता एकदाच तोंडावर सांगायचं.

पुढचा फोन आला तो हॉलमधल्या उन्हाचा. ऊन लागून राह्यलं, संध्याकाळी येऊन अंप्ली आत ठेवून द्या. मी रागात हो म्हटलं. पण त्या संध्याकाळी मला राजुऱ्याला मंडप बांधायचा होता, म्हणून येणं जमत नाही हे सांगायला मी दुपारीच गेलो. फोनवरही सांगता आलं असतं. मला समोर उभं राहून भांडायचं होतं.

दार उघडं होतं. हॉलमध्ये कोणी नव्हतं. आणि आतल्या खोलीच्या दारातून अंप्ली बाहेर येत होती. बोटभर सरकायची, थांबायची, मागून कण्हल्यासारखा आवाज यायचा, मग पुन्हा बोटभर. खाली पोतं अंथरलेलं होतं. मी वाकून वरून पाहिलं. पलीकडे दुर्गेभाऊ फरशीवर बसले होते. अंगात नुसतं बनियन, पाठ दिवाणाला टेकवलेली, आणि दोन्ही पायांनी ते अंप्ली ढकलत होते. मला आठवलं, की वाळवीच्या वेळी आम्हीच ती आत ठेवली होती. हॉलमध्ये ती नव्हतीच. संध्याकाळी आम्ही आत न्यावी, म्हणून ते ती बाहेर काढत होते.

"हे काय करून राह्यले, दुर्गेभाऊ?"

त्यांनी घाम पुसला आणि उलट मलाच रागावून म्हणाले, "संध्याकाळी येतो म्हनलं होतं ना तू?"

मग मी जो ओरडलो तो खालच्या भाडेकरूनंही ऐकला असणार. मणका मोडला असता म्हणजे? वर मरून पडले असते तर कोणाला कळलं असतं? साठी उलटलेल्या माणसाला अक्कल नाही? आणि शेवटी जे पोटात होतं ते ओठावर आलं. "घरी या म्हनायले तुमची जीभ झडते का?"

त्यांनी माझं सगळं होऊ दिलं. मग पाय लांब करून, अंप्लीकडे पाहत म्हणाले, "म्हनतो ना मी. चहाले या म्हनतो तं तुमी पाहू म्हनता. पोरीले म्हनतो तं तिले सुट्टी नाई. जड काही उचलाचं असलं म्हंजे चौघंही येता. मंग मी काय करू, सांग."

मला त्यांचा राग आला. त्या दप्तरात मावणाऱ्या डब्ब्याचा आला, ज्यानं माझे सगळे त्रास एका फटक्यात मिटवले होते. आमचाही आला. आणि हे सगळे राग बाजूला केल्यावर खाली जे उरलं ते असं होतं, की मला त्या माणसाजवळ जाऊन बसायचं होतं आणि जाता येत नव्हतं. पेटी दारात घट्ट अडकली होती. ना ते बाहेर येऊ शकत होते, ना मी आत जाऊ शकत होतो.

मी संजूला फोन लावला. म्हटलं, ये, अंप्ली उचलायची आहे. त्यानं नेहमीप्रमाणे शिवी दिली आणि विचारलं, आता कुठून कुठं? म्हटलं, ते इथं आल्यावर ठरवू, तू गेडामलाही घे आणि कीबोर्डवाल्यालाही. मग राजुऱ्याच्या माणसाला कळवलं, की मंडप उद्या पहाटे बांधतो, आणि दाराच्या अलीकडे फरशीवर बसकण मारली.

थोड्या वेळानं पेटीच्या पलीकडून दुर्गेभाऊंनी विचारलं, "किती जन येऊन राह्यले?"

माझा राग अजून गेला नव्हता. मी रागातच सांगितलं, "सगळे."